शिक्का

किती विटा, ते विचारू नका.
फरातेच्या कालव्याकाठी एकोणीस वर्षं
मी ओल्या मातीवर शिक्का मारला.
तळहाताएवढा, भाजल्या मातीचाच,
अक्षरं उलटी कोरलेली, पाचरींसारखी.
मला वाचता येत नसे.
मुकादम इद्दिन म्हणायचा, "यखल्या, नीट दाब.
राजाचं नाव आहे. ते पुसट उठलं
तर तुझ्या पाठीवर ठळक उठेल."

दिवसाला चारशे. त्यांच्या सणाआधी सहाशे.

माझा भाऊ हटील पेंढा घालून चिखल तुडवायचा
आणि तुडवता तुडवता पुटपुटायचा
आमच्या डोंगरातल्या देवाचं नाव,
ज्याला मूर्ती नाही, शिक्का नाही,
आणि ज्याचं घर याच राजाने जाळलं.
"मग जिंकलं कोण?" मी एकदा विचारलं.
"ह्याला धाडलं कुणी, ते विचार," तो म्हणाला.
"आपणही काही कमी मातलो नव्हतो.
मातला की माती. आपली झाली, ह्याचीही होईल."
पाय थांबवले नाहीत त्याने.

एका पहाटे भट्टीमागचं ते कानफाटकं कुत्रं
ओल्या विटांवरून चालत गेलं.
एका विटेवर, नावाच्या नेमकं मधोमध,
चार बोटं आणि एक गादी.
अशी वीट मोडायची असते.
मी मोडली नाही. का, ते आजही सांगता येत नाही.
उलटी करून भट्टीत रचली.

त्याच वर्षी राजा गच्चीवर उभा राहिला म्हणे,
खाली सगळं नगर दिव्यांनी भरलेलं,
आणि म्हणाला, हे मी बांधलं.
हटीलने आपल्या फुटक्या टाचांकडे पाहिलं
आणि हसला नाही.

मग महालाची दारं बंद.
ताप आहे, म्हणाले. मोहिमेवर आहे, म्हणाले.
पण राजाच्या बागेत चारा टाकणारी अहातू
संध्याकाळी कालव्यावर आली ती थरथरत.
"दोन हात, दोन पाय, सगळे जमिनीवर.
पाठीवर दव. नखं घारीसारखी.
माझ्याच पेंढीला तोंड लावलं त्याने.
मी हुसकावलं, आणि तो हटला गं,
बैल हटतो तसा."

आणि इकडे आम्ही
रोज चारशे वेळा त्याचं नाव उठवत होतो.
शिक्क्याला काय ठाऊक,
नावाचा धनी गवत खातो आहे.

सात ऋतू.
मग एका सकाळी त्याने मान वर केली.
सांगणारे एवढंच सांगतात:
वर पाहिलं, आपल्या गच्चीच्याही वर.
आणि त्याला तो माणूस आठवला, जो तो स्वतः होता.

राज्य परत मिळालं त्याला.
हटील त्याच हिवाळ्यात चिखलात कोसळला,
त्याच्यासाठी कुणी ऋतू मोजले नाहीत.
परात्परा, तुझा हिशेब
माझ्या चारशेच्या हिशेबात बसत नाही.
मी भांडले तुझ्याशी. अजून भांडते.
पण कुणापुढे भांडायचं, ते मला ठाऊक आहे;
राजाला सात ऋतू लागले.

आता तो नाही. त्याच्यामागून आलेलेही नाहीत.
एका रात्री नदी मांडीएवढी उतरली
आणि पूर्वेचे लोक पाण्यातून चालत आत आले.
तट जागच्या जागी. एक वीट हलली नाही.
आत मेजवानी चालू होती.

नव्या मुकादमाने नवा शिक्का आणला.
माझी बोटं वळत नाहीत, मी तो नातीला दिला.
काल रस्ता रुंद करायला जुनी फरशी उखडली,
तेव्हा ती धावत आली, ओच्यात वीट घेऊन.
"आजी, हे बघ!"
अंगठ्याने चाचपलं मी.
वर इतके पाय चालून गेले होते
की नाव झिजून सपाट.
पंजा खोल होता. तो राहिला.

"नव्या शिक्क्यावर कुणाचं नाव गं?"
"ठाऊक नाही. मला कुठे वाचता येतं?"

"बरं," म्हटलं. "नीट दाब.
आणि कुत्री आली तर हाकलू नकोस."